जिरेटोपातले जिरे: १६७० च्या आसपासचे हत्यारांचे, कपड्यांचे, मसाल्यांचे आणि लढाईचे शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक तरुण लेखक १६७० च्या सुमारास सह्याद्रीत घडणारी कादंबरी लिहीत आहेत. चिलखत, कपडे, मसाले आणि लढाई यांचे त्या काळचे शब्द कोणते, आणि फारसी शब्द टाळावेत का, असे त्यांनी विचारले आहे. मसुद्यातल्या चार ओळीही दिल्या आहेत:

"सेनापतींनी कवच परिधान केले आणि मस्तकावर शिरस्त्राण चढवले. धनुष्यातून बाणांचा वर्षाव करीत मावळ्यांचा मोर्चा किल्ल्याच्या दिशेने निघाला. तळावर बल्लवांनी लाल मिरचीचा मसाला वाटायला घेतला होता. सेनापतींची ढाल सूर्यप्रकाशात तळपत होती."

मी पंचवीसेक वर्षे मोडी लिपीतले जुने कागद वाचून बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, आणण्याचे काम करतो. शब्दांची नुसती यादी हवी असेल तर ती कोणत्याही जुन्या कोशातून मिळेल. पण यादीने तुमचे काम होणार नाही, कारण तुमच्या या चार ओळींत चूक शब्दांपेक्षा बरोबर दिसणारे शब्द जास्त धोक्याचे आहेत. बाण, मोर्चा, मसाला, ढाल हे चारही शब्द तेव्हा होते. फक्त त्यांचा अर्थ तुम्ही समजता तेवढाच किंवा तोच नव्हता. त्या काळचा शब्द ओळखायचा तो त्याच्या शेजाऱ्यांवरून. कागदात तो कोणाच्या पंगतीला बसला आहे ते आधी पाहायचे.

हे मी 'जिरे' या शब्दावरून शिकलो. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडून लिहीत नाहीत. कोठीच्या यादीत धणे, हिंग, सुंठ यांच्या शेजारी 'जिरे' आले तर ते फोडणीचे. तेच 'जिरे' बख्तर, दस्ताने, टोप यांच्या पंगतीत आले तर ते फारसी 'जिरह', म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेली जाळी. जिरेटोप हा या दुसऱ्या जिऱ्याचा. पोलादी टोप आणि त्याच्या कडेने मान व कान झाकणारी कड्यांची झालर, असा तो मुळात लढाईचा टोप. आज चित्रांतून आणि मूर्तींमधून मोत्यांची लड लावलेले डौलदार शिरोभूषण म्हणजे जिरेटोप अशी प्रतिमा मनात बसली आहे. ती प्रतिमा आपल्या सर्वांच्या श्रद्धेची आहे, तिला मी हात लावत नाही. पण तुमचा सरदार पहाटे लढाईला निघतो आहे. त्याच्या डोक्यावर जिरेटोप ठेवायचा असेल तर तो जड असू द्या, कड्यांचा बारीक आवाज येऊ द्या, आणि आत कापसाची टोपी असू द्या, नाहीतर लोखंड कपाळाला सोलून काढेल.

कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांच्या बखरीत अफजलखानाच्या भेटीच्या वेळचा महाराजांचा पोशाख सांगितला आहे. तो परिच्छेद तुम्ही मुळातून वाचाच. अंगात जरीची कुडती, डोईस मंदील, मंदिलात तोडा, पायात चोळणा, हातात बिचवा आणि वाघनख. खानाने जमदाड, म्हणजे जवळून खुपसायचे हत्यार, चालवली ती कुडतीवर 'खरखरली', अंगास लागली नाही. आता ही 'जरी' कोणती? सोन्याच्या तारेची जर, की जिरह? मी खूप वर्षे पहिला अर्थ धरून चाललो. नंतर त्या क्रियापदापाशी थांबलो. सोन्याच्या तारेवर धार खरखरत नाही, ती कापत जाते. खरखर होते ती लोखंडी कड्यांवरून पाते घसरताना. माझे मत आता दुसऱ्या अर्थाकडे झुकले आहे. लेखक म्हणून तुमच्यासाठी यात मोठी शिकवण आहे, कारण सभासदाने चिलखताचे वर्णन एका ओळीतही केलेले नाही. त्याने फक्त आवाज सांगितला.

त्याच प्रसंगात खानाने जमदाडीचे 'मेण' टाकले असे येते. मेण म्हणजे म्यान. मी नवखा असताना हत्यारांच्या एका यादीतले 'मेण' मधमाशांचे समजून तशी टीप लिहिली आणि ती छापूनही गेली. शेजारचे शब्द तलवार, पट्टा, कट्यार असे होते. ते मला दिसत होते, तरी मी घरातला ओळखीचा अर्थ धरला. त्यानंतर मी ओळखीच्या शब्दालाच आधी अडवून विचारतो.

आता तुमच्या ओळी एकेक घेऊ.

'सेनापती' हा शब्द १६७० साली मावळ्याच्या तोंडी नको. तेव्हा लोक सरनौबत म्हणत. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावे मिळाली. पेशव्याचे मुख्य प्रधान झाले, मुजुमदाराचे अमात्य, सुरनिसाचे सचिव, वाकनिसाचे मंत्री, डबिराचे सुमंत, आणि सरनौबताचे सेनापती. त्यानंतर महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचे काम आले. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश दहा वर्गांत आहे. त्यात शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, दुर्गवर्ग आहेत, खाण्यापिण्याचा आणि उपभोगाचा भोग्यवर्ग आहे, बाजारातल्या जिनसांचा पण्यवर्ग आहे. तुम्ही विचारलेले चारही विषय त्यात सापडतील. पण तो कोश म्हणजे राज्याने ठरवलेली दिशा आहे, शिपायाच्या तोंडची बोली नाही. कोश झाल्यावरही हवालदार हवालदारच राहिला आणि तोफेला लोक तोफच म्हणत राहिले. म्हणून फारसी शब्द टाळू नका. समशेर चालवणाऱ्याला तो शब्द फारसी आहे हे माहीतही नव्हते. तो त्याच्या हातातल्या वस्तूचे नाव होता. १६७४ नंतरचा दरबाराचा प्रसंग लिहाल तेव्हा एखाद्या पंडिताच्या तोंडी 'सेनापती' घाला आणि शेजारी उभ्या असलेल्या जुन्या जुमलेदाराला 'सरनौबत'च म्हणू द्या. एवढ्या एका फरकाने काळ उभा राहील.

फौजेतल्या हुद्द्यांची उतरंड सभासदाने नीट दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. हे शेवटचे दोघे कादंबऱ्यांत कधीच दिसत नाहीत याचे मला वाईट वाटते. पखालीने पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा यांच्यावाचून पागा दोन मुक्कामही चालली नसती. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. 'सिलाह' म्हणजे हत्यार, त्यावरून शिलेदार आणि त्यावरूनच सिलेखाना. पायदळाला हशम किंवा पाईक म्हणत. 'मावळे' म्हणजे मावळातले लोक. कोकणातल्या नेमबाजांना हेटकरी म्हणत. महाराजांचा प्रत्येक शिपाई तो मावळा, हा आजचा प्रेमळ अर्थ आहे. निवेदनात चालेल, पण दोन शिपाई एकमेकांशी बोलताना तो प्रदेशाचा शब्द म्हणूनच यावा.

'कवच परिधान केले' हे पुराण सांगणाऱ्याचे वाक्य आहे. लढणारा माणूस चिलखत किंवा बख्तर चढवतो. चिलखत हा सगळ्यांना कळणारा व्यापक शब्द. बख्तरात कड्यांच्या जाळीत लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असत. चारआईना म्हणजे छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणारे चार पत्रे. आईना म्हणजे आरसा. ते पत्रे घासूनपुसून चकचकीत ठेवत, त्यावरून ते नाव पडले. कोपरापासून मनगटापर्यंतचे दस्ताने. हे सगळे महाग आणि जड असल्यामुळे सरदारांचे, फार तर बड्या शिलेदारांचे. साध्या हशमाच्या अंगावर जाड कापसाचा दगला असला तरी पुष्कळ, बाकी भिस्त ढालीवर. डोंगरात रात्री चढायचे असेल तर सरदारसुद्धा लोखंड उतरवून ठेवेल असे मला वाटते. दगडावर कड्या वाजतात.

घोड्याच्या आणि हत्तीच्या चिलखताला पाखर म्हणत. आज आपण 'मायेची पाखर' म्हणतो तेव्हा हाच संरक्षणाचा अर्थ बोलत असतो. घोड्याच्या बाकी सामानातले खोगीर, जीन, तंग, रिकीब, लगाम, तोबरा हे सगळे शब्द बिनधास्त वापरा. खोगीर ही घोड्याचा घाम टिपणारी भरलेली गादी, आणि 'खोगीरभरती' कशाला म्हणतात हे ती गादी उसवल्याशिवाय कळत नाही.

आता 'बाण'. इथे सगळेच फसतात. १७व्या शतकाच्या मराठी कागदात लढाईच्या संदर्भात बाण आला की तो बहुधा अग्निबाण असतो, म्हणजे नळीत दारू ठासून, काठीला बांधून, पेटवून सोडायचा. तो सोडणारा तो बाणदार. धनुष्यातून सुटतो तो तीर, धनुष्य ती कमान, सोडणारा तिरंदाज. भिल्ल-कोळ्यांचे बांबूचे धनुष्य तो कमठा. आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी किल्ल्यावरच्या दारूखान्याबद्दल सूचना दिल्या आहेत. बाण आणि हुक्के मधल्या घरात ठेवावेत, त्यांना सर्दी लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत. धनुष्याच्या बाणाला कोणी पंधरवड्याने ऊन देत नाही. हा शेजार पाहिला की अर्थ आपोआप उघडतो. हुक्का इथे तंबाखूचा नाही, हाताने फेकायचा दारूगोळ्याचा.

आणि 'दारू'. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून जिवंत आहे. त्यावरून तोफेची दारू झाली आणि पिण्याचीही. सोरा, गंधक, कोळसा मिसळून ती करत. या घटकांना मसाला म्हणत, कारण मसाला म्हणजे मुळात कोणत्याही मिश्रणाचे साहित्य. म्हणजे 'मसाला संपला' हे वाक्य तुमच्या तळावरचा आचारी म्हणू शकतो आणि तोफखान्यातला गोलंदाजही. एवढ्यावर भागत नाही. सरकारातून बोलावणे घेऊन गेलेल्या प्याद्याचा खर्च ज्याच्यावर बसवला जाई त्या वसुलीलाही मसाला म्हणत. न्यायनिवाड्याच्या कागदात 'मसाला केला' असे दिसले तर तिथे कोणी स्वयंपाक करत नाही, पैसे वसूल होत आहेत.

बंदुकीची भाषाही थोडी जपून वापरा. तुमच्या काळातली बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे सुताची जळती वात. नळीत दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, कानावर, म्हणजे नळीच्या भोकापाशी, रंजक म्हणजे पेटवायची दारू ठेवायची, आणि तोडा लावायचा. पावसात तोडा विझतो, रात्री तोड्याचा ठिपका दुरून दिसतो. हे दोन्ही प्रसंग तुमच्या कथेला फुकट मिळालेले आहेत. मंदिलातला तोडा मात्र दागिना, मघाशी आला तो. लांब पल्ल्याची जड बंदूक ती जेजाला. उंटावरून डागायची ती शुतरनाळ, हत्तीवरची गजनाळ, आणि फिरत्या खुंटीवरची लहान तोफ तो जंबुरा. फारसीत जंबूर म्हणजे गांधीलमाशी. तिचा गोळा कानाजवळून गेलेल्या माणसानेच ते नाव ठेवले असेल.

तलवारींत धोप सरळ आणि लांब, समशेर वाकडी, फिरंग युरोपी पात्याची, तिचे नावच फिरंग्यांवरून पडले. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, त्यामुळे मनगट वळत नाही आणि वार खांद्यातून येतो. ज्याने पट्टा हातात धरून पाहिला नाही त्याचे पात्र मनगट फिरवताना दिसते. विटा म्हणजे दोरी बांधलेला फेकायचा भाला, तो फेकून पुन्हा ओढून घेता येतो. जमदाड, कट्यार, बिचवा, खंजीर यांची सरमिसळ करू नका. कट्यारीची मूठ आडवी असते आणि मुठीत धरून खुपसायची असते. बिचव्याचे पाते विंचवाच्या नांगीसारखे वळलेले.

'मोर्चा' वाचून मी थांबलोच. आज मोर्चा चालतो, तेव्हाचा मोर्चा एका जागी बसत असे. किल्ल्याला वेढा घालून माती, दगड, झाडोरा यांच्या आडोशाने तोफा-बंदुकांची जी जागा बांधत तो मोर्चा. म्हणून 'मोर्चे लावले', 'मोर्चे पुढे सरकवले' असे म्हणत. 'मोर्चेबांधणी' या आजच्या शब्दात ती माती अजून दिसते. तुमचे लोक मोर्चा घेऊन निघू शकत नाहीत. ते हल्ला करतील, एल्गार करतील, रात्री छापा घालतील. सगळ्या बाजूंनी एकदम निकराचा तो सुलतानढवा. उंच भराव घालून त्यावर तोफ चढवली तर तो दमदमा. तळाभोवतीची रात्रीची गस्त तो छबिना. पुढची तुकडी ती बिनी, पाठराखण करणारी ती चंदावल, आणि फौजेमागून चालणारे बिनलढाऊ लोक ते बाजारबुणगे. 'गनीम' म्हणजे शत्रू. मोगल आपल्याला तसे म्हणत आणि आपले लोक मोगलांना. 'कावा' म्हणजे घोड्याला वर्तुळात फिरवणे. त्यातून हुलकावणीचा अर्थ आला आणि गनिमी कावा झाला.

किल्ल्यावरून लढणाऱ्यांसाठी तट, बुरूज, चर्या, जंग्या, फांजी हे शब्द लागतील. तटावरचे कंगोरे त्या चर्या, बंदुकीसाठी ठेवलेली भोके त्या जंग्या, आणि तटावरून चालायची वाट ती फांजी. 'भिंतीवरचा पहारेकरी' लिहिण्याऐवजी 'फांजीवरचा पाहरा' लिहिलेत तर वाचक एका शब्दात गडावर जाईल.

मसाल्यांबद्दल फार लांबवत नाही. मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली, आणि तिचे नाव आपल्या जुन्या मिऱ्यावरून पडले. १६७० पर्यंत ती किनाऱ्याला ओळखीची झाली होती असे धरले, तरी डोंगरातल्या तळावर लाल मिरचीचा ढीग मी ठेवणार नाही. तिखटासाठी मिरे, पिंपळी, सुंठ आहेतच. मिरे तर त्या काळचे सोने होते. इंग्रज कंपनीने राजापूरला वखार घातली ती मिरे आणि वेलदोडे यांच्या ओढीनेच, आणि १६६१ साली महाराजांनी राजापूर घेतले तेव्हा ती वखारही त्यात सापडली. दालचिनी, कबाबचिनी यांतली 'चिनी' व्यापाराच्या वाटा सांगते. शहाजिरे हे शाहाचे, म्हणजे उंची प्रतीचे जिरे. पण लवंग, जायपत्री, केशर हे सरदाराच्या मुदपाकखान्यातले. हशमाच्या वाट्याला भाकरी, कांदा, मीठ आणि फार तर हिंगाचा वास. वजनात मण आणि खंडी वापरा, वीस मणांची खंडी.

स्वयंपाक्याला 'बल्लव' म्हणू नका, तो महाभारतातला आहे. आणि तळावरच्या स्वयंपाकाचा प्रसंग लिहिणार असाल तर चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र वाचा. गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटतील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील आणि उंदीर जळती वात घेऊन जाईल, म्हणून काळजी घ्या, रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, असे त्यात आहे. उंदराने वात नेण्याची भीती राजाला वाटते, हे कोणत्याही कादंबरीकाराला सुचले नसते.

कपड्यांत दोन सापळे आहेत. एक, 'वस्त्रे दिली' म्हणजे अंग झाकायला कापड दिले असे नव्हे, पद दिले. सरनौबतीची वस्त्रे मिळाली म्हणजे सरनौबती मिळाली. दुसरा, डोक्यावरच्या कापडाचा. मुंडासे, पागोटे, पटका, मंदील यांत माणसाची ऐपत दिसते. मंदील जरीचा, मुंडासे घाईने गुंडाळलेले. खाली चोळणा किंवा तुमान, वर कुडती, बाराबंदी, झगा किंवा जामा, कमरेला शेला. सकलाद म्हणजे युरोपातून येणारे लोकरीचे जाड कापड, तो सरदाराचा थाट. पावसात गडी घोंगडीच पांघरेल.

राहिली 'ढाल'. हातातली ढाल बहुतेक कातड्याची, उत्तम ती गेंड्याची. काळी, तेल पाजलेली. ती उन्हात तळपत नाही. तळपली तर तिच्यावरची धातूची फुले तळपतील. आणि ढाल म्हणजे फौजेचे मोठे निशाणही. 'ढाल पडली' असे बखरीत आले तर ते हातातले कातडे की हत्तीवरचे निशाण, हे पुढच्या ओळीतली फौज पळते की नाही यावरून ठरते.

तुमच्या चार ओळी मी अशा लिहिल्या असत्या. पोशाखावर एक शब्द जास्त न घालवता:

"सरनौबतांनी बख्तर चढवले. टोपाची जिरे मानेवर सारखी करताना कड्या किणकिणल्या, तसे त्यांनी हाताने दाबून धरल्या. वरच्या मोर्चातून एक बाण फुत्कारत सुटला आणि जंग्यांपलीकडे कोणीतरी ओरडले. हशमांनी तोडे फुंकून लाल केले. खाली राहुट्यांपाशी आचारी मिरे कुटत होता, तो हात थांबवून वर पाहू लागला. निशाणाची ढाल अजून उभी होती."